पहिलं स्टेशन परबकाकू

आमच्या शैलाचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, लग्न ठरता ठरता मोडायची वेळ आली, त्याला सर्वस्वी कॉम्प्युटर जबाबदार होता. माझा त्यात काडीचाही हात नव्हता. तोंड होतं, ते वेगळं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो. तळमजल्यावर तीन मजले, मधोमध गोल फिरत जाणारा जिना, आणि जिन्याच्या मधे विहिरीसारखी पोकळी. वरून नाणं पडलं तरी तळमजल्यावर कुणाचं पडलं ते ओळखू यायचं. आम्ही सगळ्यात वर. आणि अख्ख्या बिल्डिंगमधला एकुलता एक टेलिफोन सगळ्यात खाली, परबकाकांकडे.

त्या काळी फोनसाठी मुलाच्या मुंजीला अर्ज केला की फोन त्याच्या मुलाच्या मुंजीला यायचा. तोवर माणसं शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून छापायची आणि पुढे कंसात ‘पी.पी.’ लिहायची. पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, ऐट आपली. आमच्या बिल्डिंगमधे परबांचा नंबर झाडून सगळ्यांचा पी.पी. होता. फोन आला की परबकाकू पोकळीत तोंड घालून हाक मारायच्या, की तो तो माणूस धावत सुटायचा आणि तो खाली पोचेस्तोवर फोन बंद व्हायचा. मग ‘परत येईल’ म्हणून तो तिथंच सोफ्यावर बसायचा. काकू चहा टाकायच्या. (काकूंचा चहा झकास असायचा. काहींना तर फोन आलेलाच नसायचा!)

एका रविवारी पहिल्या मजल्यावरचे नाईक अर्धी दाढी झालेली असताना तसेच धावत गेले आणि दाढीचा साबण परबकाकांच्या नव्या सोफ्याला लावून आले. काका पेपर फेकून उठले.

“बस्स! फुडल्या रविवारपासून पी.पी. बंद! ह्यां माझां घर आसा, पोस्ट ऑफिस न्हय!”

इतर वेळी मी हसलो असतो. पण आदल्याच दिवशी राणेमास्तर आपल्या मुलाला घेऊन आमच्या शैलाला पाहून गेले होते, आणि जाताना ‘येत्या रविवारी फोनवर कळवतो’ म्हणाले होते. कुठल्या फोनवर? परबकाकांच्या! मुलाकडच्यांनी ‘कळवतो’ म्हटलं की मुलीकडच्यांनी आपणहून विचारायचं नाही, ही रीत. (विचारलं की मुलगी घरात जड झालीय, असा अर्थ काढतात.) म्हणजे तो एक फोन हुकला की स्थळ हुकलं. त्यात राणेमास्तर निवृत्त हेडमास्तर. पोहे खाताना म्हणाले होते, “मी एकदा फोन करतो. दुसऱ्यांदा करायची मला सवय नाही.”

आणि शैलाला मुलगा आवडला होता. तसं ती कबूल करत नव्हती, पण आईला तीनतीनदा सांगून झालं होतं, “आई गं, पोहे पुढे केले तर मला विचारतो कसा, तुम्ही खाल्लेत का? आत्तापर्यंत एकानं तरी विचारलं होतं?” फक्त तिची एक अट होती. भांडुपच्या औषधांच्या कारखान्यातली नोकरी ती सोडणार नव्हती. “मला विचारलं तर हे आधी सांगणार आणि मगच हो म्हणणार,” असं तिनं बजावून ठेवलं होतं. आई म्हणायची, “तुला कोण विचारतंय?”

आमचे वडील, अण्णा, गावी मालवणला गेलेले. म्हणजे घरातला कर्ता पुरुष मी. (हसू नका. आई पण हसली होती.)

आता कॉम्प्युटरचं सांगतो. आमच्या ऑफिसात नुकताच कॉम्प्युटर आला होता. चार कपाटं शेजारी शेजारी उभी केल्यासारखा दिसायचा, आणि त्याला थंडगार खोली होती. आम्हाला पंखा होता. एक इंजिनियर आम्हाला शिकवायला आला, त्यानं सांगितलं की यापुढे एका गावातला कॉम्प्युटर दुसऱ्या गावातल्या कॉम्प्युटरशी तारेवरून बोलणार. आणि बोलणार म्हणजे आपल्यासारखा भसाभसा नव्हे. आधी विचारणार, ‘आहेस का?’ तो म्हणणार, ‘आहे.’ ‘बोलू का?’ ‘बोल.’ मग निरोप कुणाकडून, कुणाला, ते पूर्ण नावानिशी. मग निरोप. मधे जी जी स्टेशनं लागतील त्यांनी तो जशाच्या तसा पुढे ढकलायचा. आणि ज्याला मिळाला त्यानं अख्खा निरोप परत म्हणून दाखवायचा, म्हणजे पाठवणाऱ्याला ताडून बघता येतो. ही पोच. पोच आल्याशिवाय काम पुरं नाही. यालाच म्हणे प्रोटोकॉल म्हणतात.

बाकीचे झोपले होते. मी मात्र भारावून गेलो. मला डोळ्यांसमोर आमचा जिना दिसायला लागला.

घरी येताच मी परबकाकांना गाठलं. म्हटलं, “काका, माणूस खाली आणायचाच कशाला? निरोप वर जाईल, उत्तर खाली येईल. तुमच्या सोफ्याला कुणी शिवणार नाही.” काका पेपराआडून म्हणाले, “बघूया. पण रविवारी एक जरी माणूस माझ्या घरात घुसलो, तर पी.पी. कायमचा बंद.”

झालं! मी कामाला लागलो. तळमजल्यावर परबकाकू, पहिलं स्टेशन. पहिल्या मजल्यावर नाईकांच्या सुलभावहिनी, दुसरं. दुसऱ्या मजल्यावर हंसाबेन, तिसरं. वर आम्ही. ‘आहेस का?’ विचारायला उलथन्यानं जिन्याच्या लोखंडी कठड्यावर ठण्ण करून एक ठोका. वरून एक ठोका आला की बोलायला सुरुवात. हंसाबेन म्हणाल्या, “मधुभाई, आपला बिल्डिंगमधे तर रोजच आरती!” पण उलथनं त्यांनी लगेच आणलं.

पहिल्या तालमीला खालून साधा निरोप सोडला: ‘मधूला सांगा, रेशनवर रॉकेल आलंय.’ वर काय आलं ऐका: “मधू, रॉकेल आलंय, पण रांग मोठी आहे, चप्पल घालून जा, मागल्या खेपेला पायात काच गेली होती, आणि तुझ्या आईला विचार, डाळ भिजत घातली का, नसेल तर आमच्याकडे उसळ आहे!”

मी संतापून खाली गेलो.

“काकू, हे काय? मधल्या स्टेशनानं आपलं डोकं चालवायचं नाही!”

“मगे काय करू? तुझ्या पायात काच घुसान देव?”

“घुसू दे! आला तो शब्द पुढे. कमी नाही, जास्त नाही. मधेच दुसऱ्याशी बोलायचं नाही. आणि सुलभावहिनी, उसळ तुमची ना? ती निरोपात कशी आली?”

सुलभावहिनींचा चेहरा पडला. परबकाकू मात्र पदर खोचून म्हणाल्या, “बरां हां, झिला. शब्द इकडचो तिकडे होवचो नाय. बघच तू.”

त्या ‘बघच तू’मधे काय भरलं होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालचं कुठे दिसतं!

आला रविवार. शैला सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून कठड्याशी उभी. (फोनवर साडी दिसत नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं मला उलथनं दाखवलं.) आईनं देव पाण्यात ठेवायचेच काय ते बाकी होते. आणि खाली फोन वाजला.

फोन परबकाकूंनी घेतला. पलीकडून राणेमास्तर म्हणाले, “आमच्या वसंताला शैला पसंत आहे. पण मुलीचं मत विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा त्याचा हट्ट आहे. तेवढं विचारून सांगा. मी फोनवर थांबतो. फार वेळ थांबत नाही.” काकूंनी रिसीव्हर टेबलावर ठेवला, दार उघडंच टाकलं आणि जिन्याशी आल्या. हे सगळं मला मागाहून कळलं. मला वर फक्त ठण्ण ऐकू आलं. लगोलग पहिल्या मजल्यावर ठण्ण, दुसऱ्यावर ठण्ण, शेवटी मी ठण्ण. काय सांगू, ऊर भरून आला हो!

पण पुढे निरोप काही येईना.

मी पोकळीत वाकलो. “काकू, बोला ना! कुणाकडून?”

“राण्यांच्या झिलाकडसून!”

“अर्धा पत्ता चालत नाही! पूर्ण नाव!”

“तां नाव मी कसां घेव, मेल्या?” काकू खालून ओरडल्या. “आमच्या ह्यांचां नाव आसा तां!”

परबकाकांचं नाव वसंत. आणि राण्यांच्या मुलाचं नाव वसंत. आणि काकू जुन्या वळणाच्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून बिल्डिंगमधे कुणी ऐकलं नव्हतं. रेशनकार्डासाठी नाव सांगायचं झालं तरी त्या खिडकीपाशी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायच्या. आता कुठल्याही शहाण्या माणसानं म्हटलं असतं, ‘राहू दे काकू, कळलं.’ पण इथे शहाणा नव्हता, दीडशहाणा होता!

“काकू,” मी वरून ओरडलो, “आत्ता तुम्ही काकू नाही! तुम्ही स्टेशन आहात!”

“मी स्टेशन?”

“पहिलं स्टेशन! आणि स्टेशनाला नवरा नसतो! नावाशिवाय निरोप पुढे जाणार नाही!”

शैला माझा शर्ट ओढत होती, “दादा, गप रे! ते फोन ठेवतील!” आई म्हणत होती, “मेल्या, त्या माउलीला कशाला छळतोस?” पण मी नियमाला चिकटून होतो.

खाली काकूंनी डोक्यावर पदर घेतला. सरळ उभ्या राहिल्या. नवऱ्याचं नाव घ्यायची बाईमाणसाला एकच वाट मोकळी असते, ती त्यांनी धरली. आणि खणखणीत आवाजात पोकळीत उखाणा सोडला:

“पाट्यावर वाटलं खोबरं, बरणीत भरले काजू,
वसंतरावांचं नाव घेते, कोणाला मी लाजू!
...यांका शैला पसंत आसा. शैलाचां काय म्हणणां, तां विचारून सांगा!”

मी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. तालमीत ओरडा खाल्लेल्या सुलभावहिनी नेमक्या त्या दिवशी सुधारल्या होत्या. त्यांनी हात जोडल्यासारखे केले आणि शब्दन् शब्द वर पाठवायला घेतला, “पाट्यावर वाटलं खोबरं, बरणीत भरले काजू, वसंतरावांचं नाव घेते...”

नाईक दाढीचा साबण लावलेले तसेच बाहेर आले.

“कोण वसंतराव?”

सुलभावहिनींनी त्यांना बोटानं गप्प बसायची खूण केली. (निरोप चालू असताना मधेच दुसऱ्याशी बोलायचं नाही. नियम माझाच!)

“अगं, वसंतराव कोण?”

“...कोणाला मी लाजू!” वहिनी त्यांच्या तोंडावर म्हणाल्या.

नाईक जिन्यातच बसले.

तोवर हंसाबेन सुरू. त्यांना उखाणा म्हणजे मराठी गरबा वाटला असावा, कारण त्या चालीत म्हणत होत्या आणि उलथन्यानं ठेकाही धरत होत्या. “पाट्यावर वाटला खोबरा, बरणीमधे भरला काजू...” शेवटचं ‘पसंत आसा’सुद्धा त्यांनी परबकाकूंच्या थाटात म्हटलं. समोरची अख्खी बिल्डिंग गॅलरीत येऊन उभी राहिली.

आता शेवटचं स्टेशन उरलं. पोच द्यायची होती. शैलानं माझ्याकडे पाहिलं.

“दादा, हे सगळं मला म्हणायचंय?”

मी म्हटलं, “नको.”

पण आठवडाभर मीच तिला घोकून घेतलं होतं की पोच गेल्याशिवाय उत्तर जात नाही. आणि खाली मास्तर फार वेळ थांबत नव्हते. तिनं एकदा आईकडे बघितलं, डोळे मिटले, आणि लग्न न ठरलेल्या, कुंकवाचा पत्ता नसलेल्या माझ्या बहिणीनं वसंतरावांचं नाव घेऊन ‘कोणाला मी लाजू’ असं अख्ख्या मुलुंडला विचारलं. आईनं कपाळावर हात मारला. बरं, कार्टीचा आवाज असा, की मधल्या स्टेशनांची गरजच लागली नाही. थेट तळमजल्यावर, उघड्या दारातून, टेबलावरच्या रिसीव्हरमधे!

काकू धावत आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. “गो शैला! मास्तर म्हणतत, उत्तर ऐकलां! होकार समाजलय!”

“होकार नव्हता तो!” शैला किंचाळली. “ती पोच होती! नोकरीचं सांगायचंय अजून!”

आणि ती सुटली. तिसऱ्या मजल्यावरून साडी मुठीत धरून धडाधडा खाली. तिच्या मागे मी, “शैला, घरात घुसू नकोस, काकांचा पी.पी.!” जिन्यात बसलेले नाईक आमच्या पायात आले, ते पण उठून मागे निघाले. शैला परबांच्या घरात घुसली. मी घुसलो. नाईक साबणासकट घुसले. सोफ्यावर परबकाका पेपर धरून बसले होते, त्यांच्यापुढूनच तिनं रिसीव्हर उचलला.

“नमस्कार, मी शैला बोलतेय. मघाशी मी म्हटलं ती पोच होती. उत्तर आता देते. मुलगा मला पसंत आहे, पण मी नोकरी सोडणार नाही. चालत असेल तर हो. नाहीतर नको.”

एवढं बोलून तिनं रिसीव्हर कानाला घट्ट धरला. पलीकडून मास्तरांचा आवाज असा आला की सगळ्यांना ऐकू यावा.

“नोकरीचं आमचं काही म्हणणं नाही. करा. पण मला आधी हे सांगा, त्या बाकीच्या बायका कोण?”

“अं?”

“तुमच्या आधी तीन बायकांनी माझ्या मुलाचं नाव घेतलं! मी मोजल्या! त्यातली एक गुजराती होती! वसंता! इकडे ये आधी! मुलुंडला तू कधीपासून जातोस?”

मागून वसंताचा केविलवाणा आवाज आला, “मी? अहो बाबा, मी त्या एकाच शनिवारी...” आणि मास्तर म्हणाले, “प्रकरणाची शहानिशा झाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. संध्याकाळी समक्ष येतो. मुलालाही आणतो. त्या सगळ्या बायकांना हजर ठेवा.” आणि फोन ठेवला.

वाट लागली! शैला मटकन सोफ्यावर बसली आणि तिला रडू फुटलं. “दादा, तुझ्या स्टेशनांनी माझं लग्न मोडलं रे!” नाईक म्हणाले, “तुझं मोडलेलं जुळेल, माझं मोडलंय त्याचं काय? बारा वर्षांत हिनं माझं नाव कधी घेतलं नाही, आणि त्या कुठल्या वसंताला...” आता काका उठणार, पी.पी. कायमचा बंद करणार आणि आम्हा सगळ्यांना हाकलणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

काकांनी पेपर खाली ठेवला. माणूस लालबुंद झाला होता. पण रागानं नव्हे.

“गो,” ते दारात उभ्या काकूंना हळूच म्हणाले, “माका पोच मिळाली नाय. परत एकदा पाठव बघू.”

काकू “इश्श!” म्हणून स्वैपाकघरात पळाल्या. पी.पी.चा विषय तिथेच संपला, तो पुन्हा कधी निघाला नाही.

संध्याकाळी राणेमास्तर आले. मागे मान खाली घातलेला वसंता. तिन्ही बायका ओळीनं उभ्या, आणि परबकाका इस्त्रीचा शर्ट घालून सर्वात पुढे.

“वसंतराव कोण?” मास्तरांनी विचारलं.

“मीच!” काका अशा थाटात म्हणाले, की बक्षीस घ्यायला पुढे झालेत असं वाटावं.

“आणि या?”

“त्यातली एक माझी,” नाईक पडेल आवाजात म्हणाले. दिवसभर ते उपाशी होते. ‘माझं नाव घे, तरच जेवीन’ म्हणून अडून बसले होते. सुलभावहिनींनी तिथेच, मास्तरांसमोर, सोक्षमोक्ष लावला: “डब्यात डबा, डब्यात रवा, दत्तारामरावांचं नाव घेते, आता मुकाट्यानं जेवा!”

मास्तरांनी प्रत्येकीची उलटतपासणी घेतली आणि शेवटी चष्मा काढून माझ्याकडे वळले. मी त्यांना प्रोटोकॉल समजावून सांगू लागलो. ‘आहेस का?’पर्यंत आलो असेन, तोच वसंता इतक्या जोरात हसला की शैलालाही आवरेना, आणि मास्तरांनी तोंडापुढे रुमाल धरला. “सून आम्हाला पसंत आहे,” ते आईला म्हणाले. “गैरसमज राहू न देता धावत खाली येणारी मुलगी आहे. हा तुमचा मुलगा मात्र... ऑफिसात काय करतो म्हणालात?”

लग्न झालं. गृहप्रवेशाला उंबऱ्यावर सगळ्यांनी शैलाला अडवलं, “नाव घे, त्याशिवाय आत सोडणार नाही!” तर ही म्हणते, “मी घेऊन झालंय. अख्ख्या मुलुंडनं ऐकलंय. एकदा पोच गेली की तोच निरोप परत पाठवायचा नसतो, आमच्या दादाचा नियम आहे!” आणि माप ओलांडून सरळ आत.

त्या लग्नात पाहुण्यांना आणणं, भटजींना निरोप, आचाऱ्याला सांगावा, सगळी कामं परबकाकूंनी नुसत्या हाका मारून केली. रॉकेल, चप्पल आणि उसळ यांच्यासकट. एकही निरोप चुकला नाही. मलाही एक काम दिलं होतं. मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून तोंड मिटून बसायचं. आणि आई दर थोड्या वेळानं येऊन पोच घेऊन जायची.